छातीची फिल्म

पाकीट उचलल्याबरोबर तिला ते हलकं लागलं.

तिने ते पलंगावर उपडं केलं. आतून एकच एक्स-रे पडला. छातीचा. सगळ्यांत मोठा, खोकला हटेना म्हणून मागे काढलेला. मनगटाचा नव्हता. बोटांचा नव्हता. गळ्याजवळच्या हाडाचा नव्हता. तिने ट्रंकेतल्या रजया एकेक करून झटकल्या. पाकीट आजवर त्यांच्याच तळाशी सुखरूप होतं.

फिल्म आज वकीलबाईंकडे पोचवायच्या होत्या. दवाखान्याचे कागद नवऱ्याने तेव्हाच फाडून टाकले होते. फिल्म मात्र त्याच्याने फाटल्या नव्हत्या. वैतागून त्याने त्या भिरकावल्या आणि तिने गोळा करून ठेवल्या. दवाखाना दुसरी प्रत ठेवत नसे. शेजाऱ्यांचा उपयोग नव्हता. "तुमच्याकडे सदा वाजवणं चालू असतं, बाई," शेजारीण म्हणाली होती. "त्यात आम्हाला काय ऐकू येणार?" ती खोटं बोलत नव्हती.

"मग हाडंच साक्ष देतील," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "फिल्म आणा. मुलगी तुमच्याकडेच राहील."

वाजवणं सासऱ्यांचं होतं. निवृत्त झाल्यापासून ते गॅलरीत भंगार घेऊन बसत. वायरिंगच्या पाइपची बासरी, बाटल्यांची झाकणं ठोकून केलेल्या झांजा. गल्लीतली पोरं त्यांना खटपटे आजोबा म्हणत. त्यांची डफली सगळ्यांत लोकप्रिय होती. बिस्किटांच्या गोल डब्याचा तळ कापायचा, कडेला डिंक लावून त्यावर जुना एक्स-रे ताणायचा, वरून सायकलच्या ट्यूबची कडी चढवायची. "चामडं दमट हवेत मऊ पडतं. ही पडत नाही," ते सांगत. "हाताने फाडून दाखव, तुला दोन डफल्या देतो!" पोरं लालबुंद होईपर्यंत ओढत आणि हरत.

जुन्या फिल्म त्यांना इस्पितळातला वॉर्डबॉय आणून देई. कात्री लावण्याआधी ते प्रत्येक फिल्म उजेडासमोर धरत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघत. बारीक ओरखडा असला तरी फिल्म तिथूनच चिरते. मग कोपऱ्यावरचं रोग्याचं नाव कापून टाकत. परक्याचं नाव पोराच्या हातात कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आतल्या खोलीत आवाज चढला की ते नातीला गॅलरीत घेऊन बसत. दोघं जोरजोरात वाजवत, मधूनच गात. नातीच्या कानावर आतलं काही पडत नसे. या एका गोष्टीसाठी सून त्यांची मनापासून ऋणी होती. तिचं मनगट मोडलं त्या दिवशी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारेही तेच होते.

ती गॅलरीत आली. नात फरशीवर फतकल मारून बसली होती. तिच्या मांडीवर नवी डफली होती.

"आई, बघ ना! हातावर मारलं की कसं टणटण वाजतं!"

फिल्मवर मनगट होतं. आडवी काळी रेघ होती. रेघेच्या वर कड्याचं पांढरं वर्तुळ होतं. सुजेमुळे त्या दिवशी हातातलं कडं निघालं नव्हतं.

आणखी दोन डफल्या भिंतीशी वाळत होत्या. एकीवर बोटं. दुसरीवर गळ्याचं हाड.

"बाबा, या कुठून घेतल्यात?"

"अगं, काल रजया उन्हात टाकायला काढल्या. खाली हे पाकीट. म्हटलं, जुनंच दिसतंय, पडून काय करायचं?" सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "का गं? लागणार होत्या?"

"कोपरे कुठायत? नावाचे?"

"केरात टाकले की. सकाळीच गेला केर."

ती उंबऱ्यावर बसली. नावाशिवाय ते कोणाचंही मनगट होतं. तिला ओरडायचं होतं. पण ओरडणार कोणावर? समोर एक म्हातारा माणूस होता, हाताला डिंक लागलेला, नातीसाठी खेळणं करून खूश झालेला. सून काय जपून ठेवते हे त्याला कोण सांगणार? चूक तिचीच. पाकीट घरात ठेवायलाच नको होतं.

"जाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला काय माहीत."

"तेच तर." त्यांनी पुन्हा कात्री उचलली. "आता मोठा डबा तेवढा राहिलाय. त्याच्या मापाची फिल्मच मिळत नाही बघ. वॉर्डबॉयला सांगून सांगून दमलो. सगळ्या हातापायाच्याच आणतो मेला."

मोठा डबा कोपऱ्यात होता. कधीपासून उघडाच पडला होता.

छातीचा एक्स-रे अजून तिच्या हातात होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. माप बरोबर होतं.

"बाबा, त्याच पाकिटात ही पण होती. ही का नाही घेतली?"

सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली. चष्मा नाकावर आणला. फिल्म तिच्या हातातून घेतली, नेहमीसारखी उजेडासमोर धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघितली. मग तिला परत दिली.

"ही राहू दे तुझ्यापाशी, सूनबाई," ते मायेने म्हणाले. "हिच्यात काही मोडलेलं नाही."