केसभर फट

नवीन पनवेलच्या ऑफिसात अँटेनाच्या बाबतीत कृष्णकांतरावांचा शब्द शेवटचा. पण तीन दिवस त्यांचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन 'पोर्ट चुकीचा' या एकाच एररवर अडलं होतं. पोर्ट म्हणजे सिग्नल आत शिरायचं दार. ते आपल्याकडून चुकणं कृष्णकांतरावांच्या पत्रिकेत नव्हतं. त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीला मेल ठोकली, "तुमचा माल सदोष आहे," आणि एक प्रत साहेबांना.

कंपनीची प्रांजल ऑनलाइन आली. तिनं कृष्णकांतरावांनी काढलेलं स्क्रीनवरचं अँटेनाचं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पोर्टचं टोक खालच्या धातूला टेकलंच नव्हतं. मध्ये केसभर फट होती. तिनं ते टोक टेकवलं.

तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय हो, सापडलं का?"

कृष्णकांतराव चष्मा पुसायला लागले. स्पीकरवरून प्रांजलच म्हणाली, "आमच्याकडूनच चूक झाली, सर. सॉरी. आता चालवून बघा."

चाललं.

साहेब ज्युनियर मंडळींकडे वळले. "बघा, चूक कबूल करायला मन मोठं लागतं. शिका काहीतरी!"

मंडळींनी माना वर करून ऐकलं. कृष्णकांतरावांची तेवढी खाली गेली, ती ऑफिस सुटेपर्यंत वर आली नाही.