हौदाचं बूच

सून मूग गिळून बसते, ही सासूबाईंची रोजची तक्रार. आजही न्याहारीला त्या म्हणाल्याच, "डब्यात मूग टिकत नाहीत ते उगाच नाही. सगळे हीच गिळते."

सुनेनं मान खाली घातली. आज तर बोलायची सोयच नव्हती. घरच्या कारखान्यात रंगवलेलं कापड घेणाऱ्या बड्या कंपनीची तपासनीस बाई तपासणीला येणार होती. रंगाचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्याचा माल कंपनी उचलणार नव्हती.

नवऱ्यानं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं, पण ते फक्त पाहुण्यांसाठी चालायचं. एरवी सगळं पाणी भिंतीमागच्या चोरनळानं ओढ्यात. खाली कामगारांची घरं. मुकादमाच्या बायकोच्या पायांवरचे फोड सुनेनं स्वतः पाहिले होते.

"रोज यंत्र चालवलं तर विजेपायी आपलंच दिवाळं निघेल," नवरा म्हणाला. "लाल रंगाच्या पाण्याचा हौद भरलेला आहे, तो चोरनळालाच जोडलाय. त्याचं बूच कुणी काढायचं नाही. आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

"ती कसली उघडते," सासूबाई म्हणाल्या.

हौदाचं बूच तळाशी होतं. काढायचं तर खांद्यापर्यंत हात बुडवावा लागे.

तपासनीस बाईनं यंत्राचं पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरलं. नितळ. ऑफिसात बसल्यावर तिनं सुनेकडे पाहिलं. "आणखी कुठून पाणी बाहेर जातं?"

सुनेच्या ओठांवर शब्द आला. नवरा खाकरला.

"कुठूनच नाही," ती म्हणाली.

दारामागं कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि लांब गेल्या.

बाईनं सावकाश कागद भरले. सही करायला पेन टेकवलं आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. ओढा लालभडक वाहत होता.

"ओढ्यात जाणारा नळ बुजवा. यंत्र रोज चालू दे," ती उठत म्हणाली. "तोवर तुमचा माल बंद."

ती गेली तसा नवरा बायकोवर उखडला. "कुणाकडून काढवलंस बूच? घरभेदी."

"अहो, मी इथंच तर होते."

"तिला कशाला बोलतोस?" दारातून आवाज आला. एवढ्या उकाड्यात सासूबाईंच्या अंगावर शाल होती. त्यांनी ती खाली टाकली. उजवा हात खांद्यापर्यंत लाल झाला होता.

मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या सुनेला म्हणाल्या, "आजसुद्धा मूगच गिळलेस. म्हणून या वयात मला हौदात हात घालावा लागला."