चौदा नंबरची पिशवी

कपात चमचा वाजला. सर साखर ढवळत होते. बियाणे विभागाची नवी प्रमुख हातातला कागद वाचत होती, आणि दोन दिवसांच्या तापातून उठलेली तिची लेक ठकी आईच्या मांडीला टेकून जुन्या अहवालांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढत होती.

"सही तेवढी हवी," सर म्हणाले. "घरी येऊन त्रास दिला, पण उद्या सकाळी पोती निघतायत. लोक पेरायचे थांबलेत."

बियाणं तपासायची खोली सरच सांभाळत, आता तिच्या हाताखाली. मातीचा वास घेऊन ती ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

कागदावर आठ ओळी होत्या. आठ नमुन्यांचा गहू, अकरा ते अठरा नंबरचा. ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेले प्रत्येकी चारशे दाणे. आठव्या दिवशी शंभरातले किती उगवले, तो आकडा. ती चौथ्या ओळीवर अडकली होती.

"चौदा नंबरला एक्क्याण्णव?"

"का, कमी पडले?"

"मोजले कुणी?"

"मी. दोन माझे डोळे, दोन चष्म्याचे."

तिने ठकीच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. हात तिथेच राहू दिला.

"सर, चौदाच्या पिशवीतले दाणे मेलेले होते. माती वाळवायच्या ओव्हनमध्ये मी ते मुद्दाम दिवसभर ठेवले होते, एकशे पाच अंशांवर. मग गार करून पिशवीत भरले आणि नंबर घातला."

सर दचकले नाहीत. दचकले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"असं होय," ते म्हणाले. "तरीच."

"तरीच काय?"

"आठव्या दिवशी गुंडाळ्या उघडतोय, तर चारशे दाण्यांत एक मोड नाही. म्हटलं, मॅडमचा हात नवा आहे, पिशव्या भरताना घोळ झाला असेल. गोदामात गेलो, मूळ पोत्यातून परत दाणे काढले, परत लावले. एक्क्याण्णव."

तिने मनात दिवस मोजले. आठ आणि आठ सोळा. नमुने देऊन सतरा दिवस झाले होते. बसत होतं. शिंप्याने माप घेऊन शिवावं तसं बसत होतं, आणि तेच तिला खटकलं.

"शून्य आलं ते वहीत लिहिलंत?"

"नाही."

"का?"

"नव्या प्रमुखाची पहिलीच चूक शाईने लिहून ठेवू? माझ्याच्याने नाही झालं."

"आणि ते दाणे?"

"खताच्या खड्ड्यात."

"गोदामात जाताना कुणी पाहिलं तुम्हाला?"

"कोण पाहणार? किल्ली माझ्याकडेच असते, मॅडम. तुम्हीच दिलीत की गेल्या महिन्यात."

उत्तरं सगळी होती. दाखवायला मात्र काहीच नव्हतं. आकडे खुर्चीत बसून लिहिलेले असतील, तर उद्या निघणारा गहू कुणाकुणाच्या जमिनीत नुसताच पडून राहील आणि कागदावर सही तिची असेल. आणि तसं नसेल, तर समोर बसलेल्या माणसाला तिने आत्ता, स्वतःच्या घरात, चहा देऊन चोर ठरवलं होतं. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. ती नेहमीच असे. त्यावरून काही ठरत नव्हतं.

सर कप ठेवून उठले.

"अगं," ते म्हणाले, आणि 'मॅडम' हा शब्द एकदम कुठेतरी गळून पडला. "एकदा विचारायचंस तरी. सर, खरंच मोजता ना, म्हणून."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"मोजतो म्हणालो असतो."

"मग?"

सर हसले. ते हसू कसलं होतं, तेही तिला कळेना.

दाराशी वाकून त्यांनी पायात चपला सरकवल्या. "काय गं मांजरवाले, पळाला का ताप?"

"मांजर नाही आजोबा, वाघ आहे तो!"

"अरे बापरे. मग मी निघतो." आणि मग तिच्याकडे न बघता, "खाली थांबतो पंधरा मिनिटं. सही नसेल तर तसं सांगा. गाडीवाल्याला नको म्हणून कळवतो."

दार लागलं. तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. खिडकीतून खाली पाहिलं. सर स्कूटरला टेकून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. वर काही बघत नव्हते.

"आई, आजोबांनी खोटं लिहिलंय?"

"माहीत नाही गं."

"किती लिहिलेत?"

"शंभरातले एक्क्याण्णव."

ठकीने खडू खाली ठेवला. बोटांवर काहीतरी हिशेब केला, तो जुळेना म्हणून पुन्हा केला.

"पण आई," ती म्हणाली, "खोटेच लिहायचे होते, तर मग आजोबांनी शंभर का नाही लिहिले?"