जुने मालक

धाकट्या दिराचा हिशेब सरळ होता. दादाच्या माघारी नवीकोरी इलेक्ट्रिक सायकल वहिनींच्या दारात पडून होती. ॲपमध्ये ती दादाच्या खात्यातून आपल्या खात्यात घेतली, की बसमधली धक्काबुक्की कायमची सुटणार. दादाचं खातं वहिनींच्या फोनवर होतं. त्याने सायकलच्या फेऱ्यांची यादी उघडली आणि तो चरकलाच. शेवटची फेरी: काल संध्याकाळी. त्याआधीची, परवा.

"वहिनी, दादाला जाऊन वर्ष होत आलं. ही रोज चालवतं कोण? तुम्हाला तर येत नाही!"

"चालवतेय कुठली, भाऊजी! हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेते नि परत आणते. दारात आली की फोनवर येतं, 'मालक घरी पोहोचले.' मग दाराला कडी लावते." वहिनी कसनुशा हसल्या. "वेड म्हणा हवं तर."

दिराला वाईट वाटलं. मग बस आठवली. त्याने 'जुने मालक काढून टाका' हे बटण दाबलं.

त्या संध्याकाळी तो सायकलवरून ऐटीत आपल्या घरी आला आणि त्याच्या फोनवर अक्षरं उमटली, 'मालक घरी पोहोचले.'



वहिनींच्या दाराला अजून कडी लागलेली नाही.