ढगाळ दिवसाचा पंखा

वामनराव ढोके जन्मभर कोळशाच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळत आले. तिथली नोकरी नाकारून लेक शर्वरी सौर सेलच्या संशोधनाला गेली, तेव्हापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत.

सुट्टीत आलेल्या शर्वरीनं प्रयोगशाळेत स्वतः बनवलेला, पापडासारखा पातळ सेल अंगणात मांडला आणि त्याला खेळण्यातला पंखा जोडला.

"आज आभाळ भरलंय. तुझा सूर्य रजेवर आहे," वामनराव खुर्चीतून म्हणाले.

पंखा फिरू लागला. वामनरावांनी उठून सेलवर तळहात धरला. पंखा थांबला. हात काढला, फिरला. त्यांनी पुन्हा हात धरला.

"बाबा, दमेल तो!" शर्वरी हसली.

तेवढ्यात शेजारचे उमरेडकर येऊन सेलवर वाकले. "एवढ्याशा पंख्यानं कोणाला वारा लागणार, वामनराव?"

शर्वरीचा चेहरा उतरला.

"आमचं केंद्र उभं राहताना लोक असेच हसले होते," वामनराव कडाडले. "तुमच्या घरात दिवा लागला, तेव्हा गप्प झाले. सरका बाजूला, आमच्या सेलचा उजेड अडवताय!"

शर्वरी स्वयंपाकघरात धावली. "आई, ऐकलंस? 'आमच्या' म्हणाले!"