रडूबाई

लहानपणी व्हिडिओ गेममध्ये हरली की ती भोकाड पसरायची, म्हणून दादाने गेममध्ये स्वतः पकडलेलं राक्षसाचं मरतुकडं पिल्लू ‘रडूबाई’ नाव ठेवून तिच्या गळ्यात मारलं. पिल्लू कुणालाही दिलं तरी नाव बदलायचा हक्क पकडणाऱ्याचाच, असा गेमचा नियम. तिने वर्षानुवर्षं त्यालाच लढवलं. आज त्याच गेमच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याआधी दादा ओशाळून आला. “दे इकडे, नाव बदलून देतो. एवढ्या लोकांत शोभतं का?” “मला देताना बरं शोभलं,” म्हणत तिने हातातला गेम सुरू केला. भल्यामोठ्या पडद्यावर रडूबाई उतरताच सभागृह खो-खो हसलं. समोरचा ड्रॅगन कोसळला, मग दुसरा, तसं हसू विरत गेलं. शेवटी निवेदकाला घसा खाकरून पुकारावंच लागलं, “रडूबाई जिंकली.” तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. दादाने रुमाल पुढे केला. तिने घेतला आणि हातातल्या गेमची भिजलेली स्क्रीन पुसली.