चाळीस सेकंद

एक कॉलर शिवायला किती वेळ लागतो ते मोजायला घड्याळवाला साहेब आला, की कारखान्यात ओळीने बसलेल्या सगळ्या बायका मशीन मुद्दाम सावकाश चालवायच्या. वेळ कमी भरला की कॉलरमागची मजुरी कापतात, हे त्यांना शिकवलं होतं ओळीतल्या सगळ्यांत जुन्या, मोठ्या बाईंनीच.

या खेपेला साहेब नेमका मोठ्या बाईंपाशीच थांबला. "वय झालं तुमचं. धागे कापायला बसवू का?"

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि एका दमात कॉलर शिवून त्याच्यापुढे टाकली. चाळीस सेकंद! साहेबाने खुशीत आकडा लिहून घेतला.

शेजारच्या मशीनवर बाईंच्या सुनेने कपाळाला हात लावला. "अहो आई, काय केलंत हे?"

"मला म्हातारी समजला गं तो."

दुसऱ्या दिवसापासून चाळीस सेकंदांच्या हिशेबाने सगळ्यांचीच मजुरी उतरली. बाई आठवडाभर मान वर न करता शिवत राहिल्या, पण तो वेळ काही त्यांना पुन्हा साधला नाही.

शनिवारी साहेबाने त्यांच्या हातात धागे कापायची कात्री ठेवली.

"वाईट वाटून घेऊ नका, बाई," तो समजुतीने म्हणाला. "चाळीस सेकंदांत कॉलर शिवायची, तर हात तरुण लागतात."